छत्तीसचा रोल आणि नवा कॅमेरा



गेल्या महिन्याच्या टपालात एक पत्र नृसिंहवाडीजवळून आले आहे. लिहिणारा मुलगा कॉलेजात शिकतो. त्याचा प्रश्न असा : "फिल्मचे कॅमेरे पुन्हा नव्याने निघत आहेत, आणि आता त्यांत ऑटोफोकसही येत आहे. मी थांबावे का? पुढच्या कॅमेऱ्यात काय काय असेल?"

पहिल्या वाचनात हा हौसेचा प्रश्न वाटतो. हातात मोबाइल असताना रोलचा कॅमेरा कशाला, असे घरातले मोठे म्हणतीलच. पण पत्रात पुढे कारण दिले आहे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णा आणि पंचगंगेचे पाणी त्यांच्या घरात शिरले. नानींचा अल्बम ट्रंकेत होता. पाणी ओसरल्यावर ट्रंक उघडली, तर फोटो एकमेकांना चिकटून त्यांचा लगदा झाला होता. निगेटिव्हच्या पट्ट्या मात्र वेगळ्या डब्यात, प्लास्टिकच्या पाकिटांत होत्या. मामूंनी त्या स्वच्छ पाण्यात हलक्या हाताने धुतल्या आणि दोरीला चिमट्यांनी टांगून वाळवल्या. काही गेल्या, बऱ्याच वाचल्या. त्यांवरून नानींच्या निकाहचे फोटो पुन्हा काढून मिळाले. त्याच पुरात मामूंचा मोबाइल भिजला. त्यातले पाच वर्षांचे फोटो कायमचे गेले.

ज्या मुलाने हे पाहिले, त्याला "बेटा, हा छंद महाग आहे" एवढेच सांगून गप्प करता येणार नाही. म्हणून हा महिना या विषयाला.

आधी बाजारात काय आहे ते पाहू. जपानच्या पेंटॅक्स कंपनीने डिसेंबर २०२२ मध्ये फिल्म कॅमेरा पुन्हा बनवायचे जाहीर केले. रोल पुढे सरकवणारा हाताचा खटका कसा बसवायचा, हे कारखान्यातल्या नव्या पिढीला माहीत नव्हते. त्यासाठी जुन्या, निवृत्त अभियंत्यांना विचारावे लागले. त्यातून जून २०२४ मध्ये 'पेंटॅक्स १७' आला. तो एका फ्रेमच्या जागेत दोन फोटो घेतो, म्हणजे छत्तीसच्या रोलवर बहात्तर. पण त्यात ऑटोफोकस नाही. फूल, जेवणाचे ताट, एक माणूस, घोळका, डोंगर अशी चिन्हे लेन्सवर आहेत. समोर जे असेल त्या चिन्हावर लेन्स आपणच फिरवायची.

त्याच वर्षी हाँगकाँगच्या मिंट कंपनीने 'रोलाय ३५ एएफ' आणला. मूळचा रोलाय ३५ हा १९६६ चा जर्मन कॅमेरा, मुठीत मावेल एवढा. त्यात अंतर डोळ्याने अजमावून लेन्स फिरवावी लागे. नव्याने हे काम यंत्राकडे दिले आहे. तो प्रकाशाचा न दिसणारा ठिपका समोर फेकतो आणि तो परत यायला लागलेल्या वेळेवरून अंतर काढतो. याला लायडार म्हणतात. काही महागड्या मोबाइलमध्येही हीच सोय असते. हा ऑटोफोकस नव्याने बांधावा लागला, कारण जुने सुटे भाग बनवणारे कारखाने केव्हाच दुसऱ्या कामाला लागले आहेत. पुढचे कॅमेरे येतील ते याच वाटेने येतील, असे दिसते.

ऑटोफोकस आपल्या घरांना नवा नाही. १९७७ साली जपानच्या कोनिका कंपनीने 'सी ३५ एएफ' हा आपोआप फोकस होणारा पहिला कॅमेरा सर्वांसाठी बाजारात आणला. १९७९ मध्ये कॅननने 'एएफ ३५ एम' काढला. त्यात अंतर मोजायला इन्फ्रारेड किरण होते. पुढच्या दहा-पंधरा वर्षांत असे छोटे कॅमेरे जगभर पसरले. आपल्याकडे ते दुकानातून कमी आणि बॅगेतून जास्त आले. जिद्दा, कुवेत, दुबईला कामाला गेलेल्या अब्बांच्या, चाचांच्या, मामूंच्या बॅगेत कंबल, टेपरेकॉर्डर, अत्तर आणि कॅमेरा या चार वस्तू ठरलेल्याच असत.

त्याआधी आपल्या घरांत फोटो म्हणजे स्टुडिओ. पासपोर्टसाठी, शाळेसाठी, फार तर निकाहनंतर एकदा जोडीने. पडद्याच्या घरांत बायकांचे फोटो नव्हतेच म्हटले तरी चालेल. फोटो काढणारा परका पुरुष, निगेटिव्ह ठेवणारा परका पुरुष, आणि दुकानाच्या काचेत कोणाचा फोटो लावायचा हे ठरवणाराही तोच. घरात एखाद्या भावाला नाद असला आणि त्याच्याकडे आगफा क्लिक थ्री असला, तर बाहेर उन्हात बारा फोटो निघत. घराच्या आत, संध्याकाळी, मेहंदीच्या रात्री कोण काढणार?

ते काम ऑटोफोकस आणि आतच बसवलेला फ्लॅश या दोन गोष्टींनी केले. अंतर, उजेड, आकडे यांतले काहीही ठाऊक नसलेली खाला किंवा भाभी कॅमेरा हातात घेऊन बटण दाबू लागली. आपल्या जुन्या अल्बमांत मेहंदीचे, बाळंतिणीच्या खोलीतले, चुलीपुढे बसून शीरखुर्मा ढवळणाऱ्या दादीचे जे फोटो आहेत, त्यांतले बरेच बायकांनी बायकांचे काढलेले आहेत. ते थोडे तिरके असतील, एखाद्याचे डोके कापलेले असेल. पण चेहरे स्वच्छ आहेत, आणि चेहऱ्यांवर संकोच नाही. आपल्या अनेक घरांत फोटो भिंतीवर लावत नाहीत. ते कपाटात, अल्बममध्ये असतात. म्हणून बाहेरच्यांना हा ठेवा दिसत नाही. पण तो आहे.

आता थोडे यंत्राकडे वळू, कारण पत्र लिहिणाऱ्याला यातूनच निवड करायची आहे.

समजा तो नवा कॅमेरा घेऊन वाडीच्या घाटावर उभा आहे. दुपारचे ऊन आहे, पायऱ्या आहेत, मागे कृष्णा आहे. अशा उजेडात लेन्सचे छिद्र लहान होते. ३५ मिलिमीटरची लेन्स, छिद्राचा आकडा ८ आणि फोकस तीन मीटरवर असेल, तर साधारण दोन मीटरपासून सात मीटरपर्यंत सगळे स्वच्छ येते. पायरीवरचा माणूस, त्याच्या मागची बाई, शेजारची टोपली, सगळे त्यात बसते. इथे ऑटोफोकस नसला तरी काही बिघडत नाही. चिन्हांचा पेंटॅक्स किंवा आजोबांचा जुना कॅमेराही तेच काम करील.

आता हाच कॅमेरा घरात आणा. मगरिबनंतरची वेळ आहे, एक बल्ब आहे, नानी दोन मीटरवर बसल्या आहेत. लेन्सचे छिद्र पूर्ण उघडावे लागेल, आकडा २.८. आता स्वच्छ येणारा पट्टा उरतो जेमतेम अर्ध्या मीटरचा. नानी जरा पुढे झुकल्या, हातातला कप पुढे केला, की कप स्वच्छ आणि चेहरा धूसर. ऑटोफोकसचा कस इथे लागतो. कॅमेऱ्याच्या जाहिरातींत डोंगर आणि समुद्रकिनारे असतात. घर चालवणाऱ्या माणसाने कॅमेरा तपासायचा तो घरातल्या बल्बखाली.

या यंत्राच्या काही खोडी मात्र ओळखून असाव्यात. साधा ऑटोफोकस फ्रेमच्या मधोमध पाहतो. नवरा-नवरी शेजारी बसले आहेत आणि मध्ये वीतभर जागा आहे, तर किरण त्या फटीतून जातो. मागची भिंत किंवा झालर झकास येते आणि नवरा-नवरी धूसर. जुन्या अल्बमांत असा एक तरी फोटो असतो. त्यावर उपाय सोपा आहे. आधी एकाच्या चेहऱ्यावर रोखून बटण अर्धे दाबायचे, मग तसेच धरून कॅमेरा हवा तिथे वळवायचा आणि पूर्ण दाबायचे. दुसरी खोडी काळ्या रंगाची. किरण फेकून अंतर मोजणाऱ्या कॅमेऱ्याला प्रकाश परत न देणारी वस्तू अवघड जाते. काळे केस, काही काळी कापडे. बुरखा घातलेल्या अम्मीचा फोटो काढताना फोकस चेहऱ्यावर किंवा हातावर धरावा. तिसरी खोडी काचेची. बसच्या किंवा गाडीच्या खिडकीतून काढायला गेलो, तर यंत्र कधी बाहेरचे पाहण्याऐवजी काचेलाच धरून बसते. आणि चौथी चकाकीची. घाटावर पाण्यात सूर्य चमकत असतो, तेव्हा पाण्यावर रोखून फोकस घेऊ नये, माणसावर घ्यावा.

वाडीचा विषय निघाला आहे, तर तिथली एक आठवण सांगावी. दत्तांच्या या ठिकाणाबद्दल परिसरात अशी कथा सांगितली जाते की विजापूरच्या आदिलशहाच्या मुलीची दृष्टी गेली होती, ती इथे आल्यावर परत आली. त्या कृतज्ञतेने बादशहाने मंदिर बांधून दिले आणि नदीपलीकडची औरवाड आणि गौरवाड ही गावे इनाम दिली. शेजारच्या कुरुंदवाडात गणपती आणि मोहरम एका वेळी आले, की मशिदींत गणपती बसवण्याची रीत आहे. पावसाळ्यात पाणी चढले की मंदिरात पादुकांवरून वाहून ते दक्षिण दरवाजाने बाहेर पडते. दक्षिणद्वार सोहळा म्हणून त्या पाण्यात स्नान करायला लांबून माणसे येतात. पाणी आणखी चढले, की तेच पाणी गावात आणि आसपासच्या वस्त्यांत शिरते. २००५, २०१९, २०२१ ही वर्षे शिरोळ तालुक्यात कोणाला सांगावी लागत नाहीत. असे कोणते गाव, कोणती गल्ली, कोणत्या घराची जोती पाण्यात गेली, हे सगळे फोटोंत राहायला हवे. आणि ते फोटो पाण्यातून वाचायलाही हवेत. त्या मुलाच्या प्रश्नाचे वजन इथे आहे.

मग पुढच्या कॅमेऱ्याकडून आपण काय मागावे? कंपन्या आपल्याला विचारणार नाहीत, पण खरेदी करताना आपण ताडून पाहू शकतो.

पहिली मागणी : फोकस कुठे लागला हे बटण दाबण्याआधी कळले पाहिजे. मोबाइलवर फोटो बिघडला तर लगेच दिसतो. रोलवर तो धुऊन आल्यावर दिसतो, आणि तोवर पाहुणे गावी गेलेले असतात. डोळा लावतो त्या खिडकीतच "एक मीटर", "तीन मीटर" असे अंतर दिसले, तर निम्मे नुकसान टळेल.

दुसरी : अर्धे बटण दाबून फोकस धरून ठेवण्याची सोय. ती नसेल तर तो कॅमेरा घेऊच नये.

तिसरी : फ्लॅश बंद केला तर तो बंदच राहावा. जुने अनेक छोटे कॅमेरे बंद करून पुन्हा सुरू केले, की फ्लॅश आपोआप चालू होई. झोपलेल्या बाळाच्या तोंडावर लख्ख उजेड पडला की पुढचा फोटो रडणाऱ्या बाळाचाच.

चौथी : गावात मिळणारा सेल. पेन्सिल सेल कोणत्याही किराणा दुकानात मिळतो. खास आकाराचा सेल शोधत जयसिंगपूर, सांगली करावे लागले, तर ऐन ईदच्या दिवशी कॅमेरा कपाटातच राहील.

पाचवी, आणि आमच्या मते सगळ्यांत मोठी : दुरुस्ती. जुना खटक्याचा कॅमेरा बिघडला तर हुशार कारागीर तो उघडून, साफ करून परत चालवतो. ऑटोफोकसचा बिघडला तर आतली इलेक्ट्रॉनिक पट्टी गेलेली असते, आणि तो भाग कुठेच मिळत नाही. आज जुन्या बाजारात ऑटोफोकसचे कॅमेरे फिरतात, त्यांचे आयुष्य असे एका पट्टीवर लटकलेले असते. नवा कॅमेरा विकणाऱ्याने सुटे भाग किती वर्षे देणार हे लेखी सांगितले, तर त्याला आमचे पहिले मत.

आता पैसे. 'पेंटॅक्स १७' अमेरिकेत ५०० डॉलरला निघाला. 'रोलाय ३५ एएफ' ८०० डॉलरच्या आसपास. म्हणजे आपल्याकडे येईपर्यंत, कर वगैरे धरून, एक चांगली मोटारसायकल. वर रोलचा खर्च. एकेकाळी ऊटीजवळ हिंदुस्थान फोटो फिल्म्सचा सरकारी कारखाना होता. 'इंदू' नावाची काळी-पांढरी फिल्म तिथून येई. तो बंद झाला. आता रोल बाहेरून येतो. रोल आणि त्याची धुलाई मिळून छत्तीस फोटोंना हजार-दीड हजार सहज लागतात. कॉलेजच्या मुलाने महिन्याला एक रोल घेतला तर वर्षाचा खर्च फीच्या पंक्तीला जाऊन बसेल. हे लपवून सल्ला देणे बरोबर नाही.

आणखी एक गोष्ट आपल्या घरांसाठी मुद्दाम सांगावीशी वाटते. मोबाइलचा फोटो घरात राहू शकतो. रोल मात्र लॅबमध्ये जातो. आज बहुतेक लॅब रोल धुऊन झाला की तो स्कॅन करतात आणि फोटो इंटरनेटवरून पाठवतात. म्हणजे घरातल्या बायकांचे फोटो परक्याच्या संगणकावर जातात. यात घाबरण्यासारखे नाही, पण बोलून घ्यावे. रोल देतानाच सांगावे : निगेटिव्ह परत हवीत, स्कॅन आमच्या पेनड्राइव्हवर द्या आणि तुमच्याकडचे पुसून टाका, आमचा कोणताही फोटो जाहिरातीला वापरू नका. सांगितले तर चांगला माणूस ऐकतो. न ऐकणाऱ्याकडे रोल देऊ नये. आणि निगेटिव्ह परत आणायला विसरू नये. लॅबवाले काही दिवस ठेवतात, मग टाकून देतात. नानींच्या निगेटिव्ह वाचल्या त्या घरच्या डब्यात होत्या म्हणून.

मुलाला आमचे उत्तर असे. थांब. पहिल्या वर्षीचे कॅमेरे घेणारे लोक कंपनीच्या चुका स्वतःच्या पैशांनी शोधत असतात. ते काम ज्यांना परवडते त्यांना करू दे. तोवर घरातली, चाचांच्या, मामूंच्या घरातली कपाटे उघड. गल्फहून आलेला एखादा कॅमेरा तिथे झोपलेला असण्याची शक्यता मोठी आहे. सेलची जागा पाहा. हिरवा-पांढरा गंज असेल तर तो सुक्या कापसाने पुसून, मग व्हिनेगरच्या थेंबाने साफ होतो. नवा सेल घाल. मागचे झाकण उघडून, रोल न घालता बटण दाब आणि लेन्स हलते का, पडदा उघडतो का ते पाहा. चालला तर एक रोल घाल. पहिले फोटो घाटावर काढ, बाकीचे घरात, बल्बखाली, नानींसमोर. छत्तीस फोटोंत तुला कळेल की तुला फिल्म हवी आहे की फक्त नवी वस्तू. आणि एक कर. पाच फोटो झाले की कॅमेरा नानींच्या हातात दे आणि आपण समोर बस. बटण कसे दाबायचे एवढे सांगितले की पुरे. बाकीचे यंत्र पाहील. त्यासाठीच ते बनवले आहे.

बाकी वाचकांसाठी, ज्यांना ना रोल घ्यायचा आहे ना कॅमेरा, या महिन्याची तीन कामे. पावसाळा तोंडावर आहे, नदीकाठच्या घरांनी तर ती लगेच करावीत.

एक. जुन्या निगेटिव्ह शोधा. प्लास्टिकच्या पाकिटांत घालून, झाकण घट्ट बसणाऱ्या डब्यात, घरातल्या सर्वांत उंच जागी ठेवा. तळमजल्याच्या घरात राहत असाल तर डबा उंचावरच्या नातेवाइकाकडे द्या. कधी भिजल्याच, तर तशाच वाळू देऊ नका. वाळल्या की त्या एकमेकींना चिकटतात. स्वच्छ थंड पाण्यात ठेवा, एक एक सोडवा, कडेला धरून धुवा आणि धूळ नसलेल्या जागी टांगून वाळवा.

दोन. ज्या फोटोंची निगेटिव्ह नाहीत, ते अल्बममधून न ओढता, सकाळच्या सावलीच्या उजेडात, वरून सरळ मोबाइलने टिपून घ्या. प्रत्येकाच्या मागे कोण, कुठे, कोणत्या साली हे पेन्सिलीने लिहा. दादी, नानी हयात आहेत तोवरच ही नावे मिळतील.

तीन. मोबाइलमधले या वर्षीचे फोटो उघडा. हजारोंनी असतील. घरातल्या सगळ्यांनी मिळून एका जुम्याच्या दुपारी बसावे आणि त्यांतले फक्त छत्तीस निवडावेत, रोलमध्ये असत तेवढेच. भांडण होईल, होऊ द्या. अम्मी त्यांत किती फोटोंत आहे ते मोजा. नसेल तर आजच काढा. मग त्या छत्तीसच्या दोन-दोन कॉपी दुकानातून काढून आणा. एक संच आपल्या घरी, एक दुसऱ्या गावच्या बहिणीकडे. खर्च एका जेवणाच्या आत होतो.

पुढच्या महिन्यात किती घरांत छत्तीस निवडून झाले ते आम्हाला जरूर कळवा.